मनोहरबाबूंच्या घरचे भूत

श्रीगजाननाला आणि कारंज्याच्या श्रीगुरूंना वंदन करून, भय देणारा आणि भय हरणारा असा जो एकच परमेश्वर आहे त्याचे स्मरण करून, हे लिहावयास बसलो आहे. प्रसंग मंगल आहे. आमच्या गावचे मनोहरबाबू येत्या पौर्णिमेला साठ वर्षांचे होत आहेत आणि त्यांच्या साठीशांतीचे पौरोहित्य माझ्याकडे आले आहे. शास्त्रात या विधीला उग्ररथशांती म्हणतात. हे नाव ऐकूनच मनोहरबाबूंना घाम फुटला होता. "दुसरं एखांदं सौम्य नाव नाई का, गुरुजी?" असे त्यांनी दोनदा विचारले.

परवा संकल्पाच्या तयारीसाठी मी त्यांना गोत्र विचारले. ते उठले, दार लोटले, खिडकीची कडी पाहिली, उपरण्याचे टोक तोंडाशी धरले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काश्यप. पन मोठ्यानं नोका म्हनू."

मी म्हणालो, "अहो, देवाला ऐकू जाईल इतपत तरी म्हणावे लागेल."

"देवाले मालूमच असन. बाकीच्याइले कायले सांगाचं?"

ज्याला स्वतःचे गोत्र ठाऊक नसते त्यालाही शास्त्र काश्यप हेच गोत्र बहाल करते. जगात याहून उघडे गोत्र नाही. तेही ज्याला झाकून ठेवावेसे वाटते, त्या गृहस्थाचे हे चित्र आहे.

मनोहरबाबू तालुक्याच्या गावी, पाणी अडविण्याची कामे पाहणाऱ्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. कचेरीचे नाव मी लिहीत नाही. इतक्या वर्षांच्या शेजाराचा एवढा परिणाम माझ्यावरही व्हावयाचाच. त्यांच्या टेबलावर जांभळ्या शाईचा एक शिक्का असे. त्यावर "गोपनीय" एवढा एकच शब्द. तो शिक्का खरे तर वर्षाकाठी एखाद्या कागदासाठी होता. मनोहरबाबू तो आलेल्या प्रत्येक कागदावर उमटवीत. रजेचे अर्ज गोपनीय, पंखा दुरुस्तीचे पत्र गोपनीय, झाडलोटीची पाळी गोपनीय. साहेब बदलत राहिले, शिक्का तोच राहिला. कोणी हसले तर ते शांतपणे म्हणत, "मारून ठेवलेला बरा. मारला तं कोनी इचारत नाई. नाई मारला तं समदे इचारतात."

या भीतीला एक मूळ होते, ते मला फार उशिरा कळले. नोकरीच्या आरंभी त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा एक कागद बाहेर गेला होता. कोणी नेला हे कधीच सिद्ध झाले नाही. परंतु त्या टेबलावरच्या माणसाची बदली इतक्या लांब झाली की आई वारली तेव्हा तो अग्निसंस्कारालाही पोहोचू शकला नाही. तरुण मनोहरबाबूंनी ते पाहिले आणि त्या दिवसापासून त्यांचे ओठ मिटले ते मिटलेच.

पुढे कचेरी घरातही आली. भाजीच्या पिशवीवर ते टॉवेल टाकीत. "कुठे निघालात?" या प्रश्नाला "जरासं" असे उत्तर देत. एसटीत बसले की वाहकाच्या कानात गाव सांगत; वाहक तेच गाव साऱ्या गाडीला ऐकू जाईल असे ओरडून तिकीट फाडी, आणि मग मनोहरबाबू उतरेपर्यंत मान खाली घालून बसत. पत्नी निवर्तल्यावर त्यांना बोलते करणारे कोणी उरले नाही. मूलबाळ नव्हते. गावाच्या उंच अंगाला त्यांचे तीन खोल्यांचे घर, आणि त्या घरात एक मिटलेला माणूस. गावातल्या पोरांनी त्यांचे नाव "लिफाफेबाबू" ठेवले होते.

आता तलावाविषयी सांगितले पाहिजे. गावाच्या वरच्या बाजूला, नाल्यावर, मातीची भिंत घालून केलेला एक पाझर तलाव आहे. होता, असे म्हणावे लागेल. भिंतीच्या खाली नाल्याला लागून किसना राऊत यांचे बागाईत. हळद, वांगी, मेथी, आणि सांबार म्हणजे कोथिंबीर. भाजी काढून किसना पहाटेच्या गाडीने जवळच्या मालेगावच्या बाजारात नेई. कुटुंब मळ्यातच घर करून राहत असे: किसना, त्याची पत्नी कमलाबाई, दोन मुली आणि एक म्हैस. कमलाबाई बोलायला फटकळ. देवळात माझे प्रवचन लांबले तर उठून म्हणायच्या, "महाराज, देव कुठी जात नाई, पन माह्या म्हशीची येळ जाते."

एका वर्षी आषाढ लागण्यापूर्वी मनोहरबाबू माझ्याकडे आले. नेहमीप्रमाणे दार लोटून बसले आणि म्हणाले, "गुरुजी, चातुर्मासात एखांदं असं व्रत आहे का, ज्याच्यात एका कुटुंबानं रोज झोपाले दुसऱ्याच्या घरी जावं?"

मी पुष्कळ विचार केला. असे व्रत माझ्या पाहण्यात नव्हते.

"तयार कराले येईन का?"

"बाबू, व्रते तयार करीत नाहीत. ती परंपरेने येतात."

ते खिन्न होऊन उठले. मला वाटले, एकटेपणामुळे मन भरकटते आहे. तुळशीला पाणी घालीत जा, असा उपदेश मी केला. आज तो आठवला की माझे मलाच हसू येते.

त्यानंतर आठवड्याच्या आत साऱ्या गावाला एक बातमी कळली, आणि विशेष म्हणजे ती मनोहरबाबूंनीच आपल्या तोंडाने सांगितली होती. त्यांच्या घरात भूत होते.

ज्या माणसाने आपले गोत्रही कधी कोणाला सांगितले नाही, तो पारावर उभा राहून भुताचे वर्णन करू लागला. भूत पाऊस लागला की येते. एकट्या माणसाला छळते. मात्र घरात चार-पाच माणसे निजलेली असली तर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकीत नाही. पारावरच्या मंडळींनी मनसोक्त हसून घेतले. किसनाला मात्र दया आली.

"बाबू, आमी येतो ना बापा निजाले. पन म्हैस मळ्यात एकटी राहीन."

मनोहरबाबूंनी क्षणभरही विचार केला नाही. "म्हैस आना. भूत म्हशीले लय भेते."

मी शांतिपाठ करण्याची तयारी दाखविली, तर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "नोका करू, गुरुजी. राहू द्या त्याले." भुताची शांती नको म्हणणारा यजमान मी जन्मात पाहिला नव्हता.

अशा रीतीने त्या चातुर्मासात आभाळ भरून आले की राऊतांचे बिऱ्हाड म्हशीसह गावातून चढण चढू लागले. गावाला रोजचा तमाशा झाला. कमलाबाई सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "चाला वं पोरीहो, लिफाफेबाबूच्या भुताले भेटाले." मनोहरबाबू दारात उभे असत. त्यांनी परसात म्हशीसाठी पत्रे टाकून घेतले होते. मुलींसाठी पत्त्यांचा नवा जोड आणला होता, तोही टॉवेलखाली झाकून. त्या घरातून हसण्याचा आवाज ऐकू येतो हे मी स्वतः अनुभवले आणि भुताचे आभार मानले.

श्रावणात झड लागली. एका पहाटे काकड्याची वात लावीत असताना मला वरच्या अंगाने एक आवाज ऐकू आला. मेघगर्जना नव्हे, एखादा मोठा प्राणी कूस बदलावा तसा. पाठोपाठ नाल्याच्या बाजूने घोंगावत येणारे काही. माझ्या हातातली वात विझली. देवासमोर उभा असूनही देवाचे नाव मला आठवेना. असे भय मी त्यापूर्वी कधी जाणले नव्हते आणि पुन्हा जाणण्याची इच्छा नाही.

उजाडल्यावर गाव मनोहरबाबूंच्या अंगणात जमले. तेथून खालचे सारे दिसे. तलावाची भिंत मध्यावर फाटली होती. राऊतांचा मळा नव्हता. घर नव्हते. विहीर गाळाने भरली होती. हळद तर गेलीच. काळी माती खरवडून निघाली होती आणि खालचा पांढरा मुरूम हाडासारखा उघडा पडला होता. किसना मुलींना पोटाशी धरून नुसता उभा होता. मागे परसात म्हैस रवंथ करीत होती.

"बाबू, तुमच्या भुतानं वाचवलं आमाले," किसना म्हणाला.

मनोहरबाबू खाली मुरमाकडे पाहत होते. ते तसेच आत गेले.

त्या दिवसापासून गावाने भुताला मानले. कोणीतरी मनोहरबाबूंच्या उंबऱ्यावर नारळ ठेवू लागले. ते कोणाच्या नकळत उचलून देवळात आणून टाकीत.

किसनाने दिवाणी न्यायालयात दावा लावला. कचेरीचे उत्तर आले की भिंत फुटली ही दैवी आपत्ती होय; त्यात खात्याचा दोष नाही. मी आयुष्यभर देवाची सेवा केली आहे. देवाच्या नावावर लोक काय काय खपवितात हे मला ठाऊक आहे. परंतु देवाला मातीकामाचा कंत्राटदार केलेले मी प्रथमच पाहिले. मला राग आला. त्या रागाने का होईना, तारखेच्या दिवशी मीही किसनाबरोबर जाऊ लागलो.

भिंत फुटण्याआधीच्या उन्हाळ्यात एक साहेब येऊन भिंत मोजून गेल्याचे किसनाने पाहिले होते. त्याच्या वकिलांनी त्या पाहणीचा अहवाल न्यायालयात मागितला. तेव्हा खात्याच्या वरिष्ठांनी शपथपत्र घातले. पुराव्याच्या कायद्यात एक तरतूद आहे: राज्यकारभाराचे जे कागद अप्रसिद्ध आहेत ते खात्याच्या प्रमुखाच्या अनुज्ञेवाचून न्यायालयात उघड करता येत नाहीत. याला विशेषाधिकार म्हणतात. तो अधिकार सांगून शपथपत्रात म्हटले होते की ही संपूर्ण नस्ती, म्हणजे फाइल, गोपनीय आहे, तिच्या पानापानावर तसा शिक्का आहे, आणि ती उघड केल्यास सार्वजनिक हिताला बाधा येईल.

कमलाबाईंनी वकिलांना विचारले, "सार्वजनिक म्हंजे आमी, का दुसरं कोनी?"

वकील म्हणाले, "तुमीबी त्याच्यात येता, बाई."

"मंग आमचं हित आमच्यापासूनच कायले लपवून राह्यले?"

वकिलांनी चष्मा पुसला. हा प्रश्न आपण असाच्या असा न्यायालयात विचारू, असे ते म्हणाले.

शिक्का अधिकृत आहे हे शाबीत करण्यासाठी खात्याने साक्षीदार दिला तो मनोहरबाबूंचा. ते तोवर निवृत्त झाले होते. सरकारी वकिलांनी त्यांना दोन शब्दांचे उत्तर शिकविले होते: वरिष्ठांच्या आदेशाने. तेवढे म्हटले की नस्ती बंद राहणार होती.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले. या वेळी दार लोटायचे विसरले. चेहरा राखेसारखा झाला होता.

"गुरुजी, खोटं बोलाचं नाई, असंच आहे ना?"

"असेच आहे."

"कितीबी भेव वाटलं तरी?"

"शास्त्रात भयाची सवलत आहे बाबू, परंतु ती प्राणावर बेतले तर. पेन्शन म्हणजे प्राण नव्हे."

ते म्हणाले, "पेन्शनीचं नाई म्हनत मी." आणि निघून गेले. कशाचे म्हणत होते, ते सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यावर त्यांनी आधी मागे वळून दार लोटलेले आहे का ते पाहिले. न्यायाधीश बाई तरुण होत्या. नस्ती बंद पाकिटात त्यांच्यासमोर होती आणि ती स्वतः पाहण्याचा न्यायालयाचा अधिकार त्यांनी त्याच सकाळी आपल्या दालनात बजावला होता. त्यांनी विचारले, "हा शिक्का कोणाच्या आदेशाने मारला?"

मनोहरबाबूंनी सरकारी वकिलांकडे पाहिले, मग किसनाकडे. कमलाबाईंकडे मात्र पाहिले नाही.

"आदेश नव्हता, बाईसाहेब."

"मग?"

"भेव वाटत होतं म्हून मारला."

न्यायालयात कुजबूज झाली. बाईंनी पाकिटातून एक कागद काढला. "याच नस्तीत कचेरीसाठी नवा माठ घेण्याची मागणी आहे. तिच्यावरही हाच शिक्का आहे. तोही भीतीनेच?"

"हो जी. थो माठ साहेबाइच्या दालनातला होता."

सारे हसले, सरकारी वकीलही हसले आणि लगेच गंभीर झाले. मनोहरबाबू हसले नाहीत. त्यांच्या कानशिलावरून घाम वाहत होता.

पुढच्या तारखेला आदेश झाला. शिक्क्याने कागद राज्याचे गुपित होत नाही. मातीच्या भिंतीची अवस्था तिच्या खाली राहणाऱ्यांपासून लपविण्यात कोणतेही सार्वजनिक हित नाही. अहवालाची नक्कल वादीला द्यावी. दाव्याचा अंतिम निकाल अजून लागावयाचा आहे, परंतु देवावरचा आळ त्या दिवशी निघाला.

न्यायालयाच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली, किसनाने ती नक्कल मोठ्याने वाचली. भिंतीच्या पायथ्यातून पाणी पाझरते आहे. तलाव पूर्ण भरल्यास भिंत टिकणार नाही. खालच्या वस्तीला त्वरित सूचना द्यावी. अखेरीस कागद कचेरीत पोहोचल्याची तारीख होती, ज्येष्ठातली, आणि तिच्या खाली मनोहरबाबूंची सही.

किसना वाचता वाचता थांबला. कमलाबाईंनी कागद हातात घेतला. त्यांना अक्षरओळख बेताचीच, पण त्या सहीकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"म्हंजे भूत नव्हतंच," त्या म्हणाल्या.

मनोहरबाबू झाडाच्या पलीकडे उभे होते. ते तसेच वळले आणि एकटेच एसटीच्या थांब्याकडे चालू लागले.

चार-पाच दिवस त्यांचे दार उघडले नाही. मी दिवेलागणीला गेलो. हाक मारल्यावर त्यांनी मला आत घेतले. घरात चूल पेटलेली दिसत नव्हती. बोलण्याचा प्रयत्न करीत होतो, इतक्यात अंगणात पावले वाजली. मनोहरबाबू भिंतीला टेकून उभे राहिले. दारात कमलाबाई होत्या, मागे किसना. राऊतांनी आता गावातच, याच उंच अंगाला, घर बांधले आहे; तरी भुतासाठी म्हणून पावसाळी रात्री ते इकडे निजायला येतच होते. आता तेही कारण उरले नव्हते.

"बाबू," कमलाबाई म्हणाल्या, "सांगतलं असतं तं इहिरीवरची मोटर काढली असती. भांडेकुंडे काढले असते. पोरीइचे दप्तरं काढले असते. बियान्याची हळद होती सासूच्या हातची, थे काढली असती."

मनोहरबाबू खाली पाहत होते.

"काहून नाई सांगतलं?"

"भेव वाटलं."

"कोनाचं?"

"समद्याइचं." मग ते म्हणाले, "कागदाचं सांगतो म्हनलं की जीभच उचले ना. भुताचं सांगता आलं."

"आन मंग? वाचलो तवा तरी सांगाचं होतं. दोन वर्सं आमी भुताले नारळ फोडून राह्यलो."

"मंग तुमी इथी निजाले याचं बंद केलं असतं," मनोहरबाबू म्हणाले.

माझ्या मनात साक्षीच्या आदल्या संध्याकाळचे त्यांचे वाक्य आले. पेन्शनीचे ते म्हणत नव्हते.

कमलाबाई रागावलेल्याच होत्या; त्यांच्या चेहऱ्यावरचा राग मला दिव्याच्या उजेडात स्पष्ट दिसत होता, आणि तो योग्यच होता. त्या आत आल्या, चुलीजवळ गेल्या, राख हाताने चाचपली. ती थंड होती.

"जेवले का?"

"नाई," मनोहरबाबू म्हणाले. माझ्या देखत त्यांनी एखाद्या प्रश्नाचे इतके सरळ उत्तर दिलेले ते पहिलेच.

"पीठ कुठी ठेवता?"

त्यांनी बोटाने डबा दाखविला. कमलाबाईंनी परात पुढे ओढली आणि पदर खोचून पीठ मळायला बसल्या. किसना चुलीत काड्या घालू लागला. भाकर थापण्याचा आवाज तेवढा येत होता. आज हे लिहीपर्यंत पेन्शन रोखल्याचा कोणताही कागद आलेला नाही. पोस्टमन दिसला की मनोहरबाबू आजही दचकतात. साठीशांतीच्या स्वयंपाकाला मात्र कमलाबाई येणार आहेत, असा निरोप त्यांनी स्वतःच मला पाठविला आहे. "म्हना महाराजाइले," निरोपात होते, "मंत्र लवकर आटपजा."

वाचकहो, ज्या भिंतीच्या आधाराने तुम्ही निर्धास्त निजता ती शाबूत असो. ती ठिसूळ झाल्याचे ज्याला कळले असेल, त्याची जीभ तुमच्याशी बोलताना अडखळू नये. तुमच्या मुलाबाळांना, गुराढोरांना आणि शेजारी एकटा राहणाऱ्या माणसाला दोन्ही वेळा ऊन भाकर मिळो, आणि तुमच्या घरी सदैव मंगल नांदो, हा माझा आशीर्वाद.